डोळ्यात डोकावण्याची सोय करणारे हेल्महोल्ट्झ

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत डोळे लाल का दिसतात? फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो, त्यामुळे बाहुलीतून आत गेलेला उजेड पडद्यावर (म्हणजे रेटिनावर) आपटून सरळ कॅमेऱ्यात परततो. याच गोष्टीच्या जोरावर १८५० मध्ये हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत माणसाचा पडदा बघायचं यंत्र केलं. मला ते आवडतात ते मात्र त्यांच्या मोजायच्या हट्टापायी.

जन्म १८२१ चा, जर्मनीतल्या पॉट्सडॅमचा. वडील शाळामास्तर. शिकायचं होतं फिजिक्स, पण घरात पैसे नाहीत. मग सरकारी खर्चाने बर्लिनला डॉक्टरकी आणि बदल्यात लष्करात नोकरी. तिथूनच १८४७ मध्ये, पंचविशीत, ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा निबंध! पुढे कोनिग्सबर्गला प्राध्यापक झाल्यावर त्यांनी बेडकाच्या नसेतला संदेश किती वेगाने धावतो ते मोजलं. त्यांचे गुरू म्युलर यांना वाटायचं, हे मोजताच येणार नाही. वेग निघाला सेकंदाला जेमतेम तीसेक मीटर.

तिथेच विद्यार्थ्यांना शिकवताना डोळ्याचं कोडं सुटलं. बाहुली काळी दिसते, कारण आतून परतणारा उजेड जिथून आला तिथेच जातो आणि तिथे आपलं डोकं ठेवलं तर दिवाच झाकला जातो. त्यांनी काचेच्या पातळ पट्ट्या तिरक्या धरल्या. बाजूच्या दिव्याचा उजेड काचेवरून डोळ्यात जायचा आणि परतणारा काचेतूनच बघणाऱ्याला दिसायचा. बस्स, एवढंच!

डॉक्टर तुटून पडले. बर्लिनच्या ग्रेफे यांनी काचबिंदूच्या रुग्णांत डोळ्याच्या नसेचं तोंड बदललेलं पाहिलं, पण सुरुवातीला तो खड्डा त्यांना उंचवटा वाटला. दिसणं वेगळं, मोजणं वेगळं.

१८८७ मध्ये बर्लिनजवळ मापं प्रमाणित करणारी सरकारी संस्था निघाली, तिचे पहिले अध्यक्ष हेल्महोल्ट्झच. दोन यंत्रांचे आकडे जुळावेत म्हणून तिथे धडपड चालायची. १८९४ मध्ये ते गेले.

आता ओसीटी बघा. १९९१ मध्ये अमेरिकेत एमआयटीतल्या गटाने मांडलेलं हे तंत्र उजेडाच्या लहरींनी पडद्याचे थर मोजतं. नसेच्या तंतूंचा थर नसेभोवती सरासरी १०० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. काचबिंदूत तो झिजतो. जुनं स्ट्रॅटस मशीन सेकंदाला ४०० रेषा स्कॅन करायचं, नंतरचं सिरस २७,००० करतं. थराची कड कुठे धरायची, हेही प्रत्येकाचं सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने ठरवतं. त्यामुळे एकाच डोळ्याचे, एकाच दिवशीचे आकडे मशीन बदललं की काही मायक्रॉनने हलतात. हा फरक सगळ्या डोळ्यांत सारखा नसतो, म्हणून ठरावीक आकडा वजा करून हिशेब जुळत नाही.

माझ्या मावशीला काचबिंदू आहे. मध्यंतरी तिचा सेंटर बदलला आणि रिपोर्टमधला आकडा नऊने घसरला. घरात सगळे हबकलो. डॉक्टरांनी आधी दोन्ही रिपोर्टांच्या कोपऱ्यातलं मशीनचं नाव वाचलं, नजरेच्या फील्डची टेस्ट केली (ती होती तशीच होती) आणि नव्या मशीनचा आकडा नवी सुरुवात धरायला सांगितलं. जुनी फाईल टाकायची नाही, असंही बजावलं. सहा महिन्यांनी त्याच मशीनवर पुन्हा स्कॅन आहे, झीज खरंच झाली का ते तेव्हा कळेल.