मौलाना बरकतुल्ला भोपाली : पंतप्रधान झाले, पण वतनात परतले नाहीत

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याची राजधानी असलेलं सॅक्रामेंटो शहर. आपल्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाची मुलगी आज त्या भागात नोकरीला असेलही. तिथल्या कबरस्तानात भोपाळच्या एका मौलवींची कबर आहे. १९२७ सालापासून. नाव मौलाना मोहम्मद बरकतुल्ला.

स्वतंत्र हिंदुस्थानचं परदेशात स्थापन झालेलं सरकार म्हटलं की आपल्याला सुभाषबाबू आणि १९४३ चं आझाद हिंद सरकार आठवतं. ते योग्यच आहे. पण त्याच्या २८ वर्षं आधी, १ डिसेंबर १९१५ रोजी, काबूलमध्ये हिंदुस्थानचं एक हंगामी सरकार जाहीर झालं होतं. त्याचे अध्यक्ष होते राजा महेंद्र प्रताप आणि पंतप्रधान होते हे मौलाना बरकतुल्ला. आपल्या मुलांना शाळेत हे नाव क्वचितच ऐकायला मिळतं. घरातही आपण ते किती सांगतो, हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

भोपाळ ते लिव्हरपूल

बरकतुल्लांचा जन्म १८५७ च्या बंडाच्या आगेमागे भोपाळचा. वडील संस्थानात नोकरीला. भोपाळवर तेव्हा बेगमांचं राज्य होतं. १८५७ मध्ये सिकंदर बेगमने इंग्रजांची बाजू घेतली आणि संस्थान वाचवलं. म्हणजे लहानपणापासून या मुलाने पाहिलं ते असं: गादीवर मुसलमान राज्यकर्ते, आणि त्यांच्या डोक्यावर इंग्रज. राज्यकर्त्याचं नाव आपलं असलं म्हणजे हुकूमत आपली असतेच असं नाही, हा धडा त्यांना पुढे आयुष्यभर पुन्हा पुन्हा मिळाला.

अरबी, फारसी आणि दीनी तालीम भोपाळमध्येच झाली. मग तरुण वयात घर सोडलं आणि ते मुंबईला आले. मुंबईत शिकवण्या करून पोट भरलं, इंग्रजी शिकले आणि १८८० च्या दशकात विलायतेला गेले. त्यानंतर त्यांना भोपाळ दिसलं नाही. आयुष्याची उरलेली चाळीस वर्षं परदेशात गेली.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला अब्दुल्ला क्विलियम या इंग्रज नवमुस्लिमाने मुस्लिम इन्स्टिट्यूट सुरू केली होती. बरकतुल्लांनी तिथे काम केलं. साम्राज्याच्या पोटात राहून त्यांनी साम्राज्य पाहिलं. हिंदुस्थानचा कापूस आणि धान्य कुठे उतरतं, त्याचा पैसा कुणाच्या खिशात जातो, हे बंदरावरच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

एक मौलवी, एक मराठी ख्रिस्ती, एक आयरिश

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बरकतुल्ला न्यूयॉर्कला पोहोचले. १९०६ मध्ये तिथे हिंदी लोकांसाठी एक संघटना निघाली. ती काढणारे मुख्य लोक कोण होते? भोपाळचे मौलाना बरकतुल्ला, मराठी ख्रिस्ती सॅम्युअल लुकास जोशी, आणि आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांच्या वर्तमानपत्रात काम करणारे जॉर्ज फ्रीमन. तिघांची भाषा वेगळी. एकच गोष्ट समान होती: तिघांच्या मुलुखावर राज्य एकाच मुकुटाचं होतं.

याच काळात त्यांनी अमेरिकेतून मौलाना हसरत मोहानींना पत्र लिहिलं. विषय होता हिंदू-मुस्लिम एकी. हसरत मोहानींच्या ‘उर्दू-ए-मुअल्ला’त ते छापून आलं. मुसलमानांनी इंग्रजांशी एकनिष्ठ राहावं, त्यातच कौमचं भलं आहे, असं सांगणारे मोठे मोठे लोक त्या वेळी होते. बरकतुल्लांना ते पटत नव्हतं. हिंदुस्थान गुलाम असताना त्यातला मुसलमान एकटाच आझाद कसा होईल, हा त्यांचा साधा सवाल होता.

टोकियोचा धडा

१९०५ मध्ये जपानने रशियाच्या झारला हरवलं. एका आशियाई देशाने युरोपच्या बड्या सत्तेला धूळ चारली, म्हणून कैरोपासून कलकत्त्यापर्यंत लोक खूश झाले. बरकतुल्लाही झाले. १९०९ मध्ये ते टोकियोला हिंदुस्थानी भाषेचे शिक्षक म्हणून गेले. तिथून ‘इस्लामिक फ्रॅटर्निटी’ नावाचं इंग्रजी पत्र काढलं. त्यात दीनच्या गोष्टी असत, आणि तुर्कस्तान, इराण, इजिप्त, हिंदुस्थान इथल्या लुटीच्याही.

पण जपानचा तर इंग्लंडशी १९०२ पासून करार होता. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. ज्याला आपण आशियाचा कैवारी समजत होतो, तो स्वतःच साम्राज्य उभारायला निघाला होता. इंग्रजांनी दबाव आणला. १९१२ मध्ये पत्र बंद पडलं, १९१४ मध्ये नोकरी गेली. बरकतुल्लांनी बिऱ्हाड आवरलं आणि सॅन फ्रान्सिस्कोचं जहाज पकडलं.

गदर

कॅलिफोर्नियात तेव्हा पंजाबचे हजारो शेतकरी शेतांवर आणि लाकडाच्या गिरण्यांत राबत होते. त्यांनी गदर पार्टी उभी केली होती. १ नोव्हेंबर १९१३ रोजी ‘गदर’चा पहिला अंक निघाला तो उर्दूत, मग गुरुमुखीत. पार्टीत बहुसंख्य शीख होते. लाला हरदयाळ अमेरिका सोडून गेल्यावर ज्यांनी धुरा खांद्यावर घेतली, त्यांत मौलाना बरकतुल्ला होते.

आपल्या महाराष्ट्राचे लोकही त्यात होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, जे पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते. पिंगळे १९१४ मध्ये हिंदुस्थानात परतले, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबरला लाहोरला कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत फासावर गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिंगापूरला हिंदी पलटणीने बंड केलं. त्यातले बहुतेक शिपाई मुसलमान होते. ४७ जणांना भिंतीपुढे उभं करून, लोकांना बोलावून, गोळ्या घालण्यात आल्या. मराठी ब्राह्मण, पंजाबी शीख, मुसलमान शिपाई: मरताना कुणी कुणाची जात विचारली नाही.

कैसरची मशीद

पहिलं महायुद्ध पेटलं होतं. इंग्लंडचा शत्रू जर्मनी. शत्रूचा शत्रू तो मित्र, या हिशेबाने बरकतुल्ला बर्लिनला गेले. तिथे हिंदी क्रांतिकारकांची समिती काम करत होती. बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फला मुसलमान युद्धकैद्यांची खास छावणी होती. इंग्रज आणि फ्रेंचांसाठी लढताना पकडले गेलेले हे गुलाम देशांचे शिपाई. १९१५ मध्ये जर्मन सरकारने त्यांच्यासाठी छावणीत लाकडी मशीद बांधून दिली. जर्मनीतली नमाजसाठी बांधलेली ती पहिली मशीद, आणि ती उभी राहिली तारेच्या कुंपणाआड!

कैसरचं मुसलमानांवरचं प्रेम कसलं होतं हे समजायला दहाच वर्षं मागे जावं लागतं. १९०५ ते १९०७ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतीत जर्मनांनी माजी-माजीचं बंड चिरडलं. गावं आणि उभी पिकं जाळली. भुकेने लाखभराहून जास्त माणसं मेली. त्यांत मुसलमानही होते. तिथे मशीद बांधून द्यावी असं कैसरला वाटलं नाही.

बरकतुल्ला आणि महेंद्र प्रताप जर्मन अधिकाऱ्यांसोबत निघाले. इस्तंबूल, बगदाद, मग इराणचं वाळवंट. वाटेवर इंग्रज आणि रशियन गस्त, पाण्याची मारामार. ऑक्टोबर १९१५ मध्ये ते काबूलला पोहोचले. डिसेंबरमध्ये हंगामी सरकार जाहीर झालं: अध्यक्ष हिंदू राजा, पंतप्रधान मुसलमान मौलवी, गृहमंत्री शीख घरात जन्मलेले आणि देवबंदला शिकलेले मौलाना उबैदुल्ला सिंधी.

अमीर हबीबुल्ला गोड बोलत राहिले. चहा पाजला, मेजवान्या दिल्या, पण इंग्रजांकडून येणारं सालीना अनुदान सोडलं नाही. या सरकारने झारलाही सोन्याच्या पत्र्यावर कोरलेलं पत्र पाठवलं. इंग्रजांची साथ सोडा, अशी विनंती केली. झारने ऐकलं नाही, आणि त्याच वर्षी मध्य आशियातल्या कझाक आणि किरगिझ मुसलमानांचं बंड रक्तात बुडवलं. उबैदुल्लांनी रेशमी कापडावर लिहिलेली गुप्त पत्रं ऑगस्ट १९१६ मध्ये इंग्रजांच्या हाती पडली. देवबंदचे शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांना मक्केत अटक झाली. अटक करणारे होते मक्केचे शरीफ हुसेन, कारण ते इंग्रजांच्या बाजूला गेले होते. तिथून मौलानांना माल्टाच्या कैदेत पाठवलं.

आता हिशेब मांडा. जपानचा सम्राट, जर्मनीचा कैसर, काबूलचे अमीर, रशियाचा झार, मक्केचे शरीफ. कुणी आशियाई, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान. गुलामांच्या कामी एकही आला नाही.

मॉस्को

१९१७ च्या नोव्हेंबरमध्ये रशियात मजूर-शेतकऱ्यांची क्रांती झाली. नव्या सरकारने झारच्या तिजोरीतले गुप्त करार काढून छापले. त्यांत तुर्कस्तानच्या अरब मुलुखाची इंग्लंड आणि फ्रान्समध्ये वाटणी ठरवणारा १९१६ चा सायक्स-पिको करारही होता. ज्या अरबांना स्वातंत्र्याचं वचन देऊन लढायला लावलं होतं, त्यांची घरं आधीच वाटून झाली होती. फिलस्तीनच्या आजच्या जखमेचं एक मूळ त्या वाटणीत आहे.

१९१९ मध्ये अमीर हबीबुल्लांचा खून झाला. मुलगा अमानुल्ला गादीवर आला आणि त्याने इंग्रजांशी लढून अफगाणिस्तानचं स्वातंत्र्य मिळवलं. त्याच वर्षी बरकतुल्ला मॉस्कोला पोहोचले आणि लेनिनना भेटले. मुसलमान मुलुखांसाठी त्यांनी पत्रकं लिहिली. गरिबाचा हक्क, सावकारीचा नायनाट, माणसामाणसातली बरोबरी, या गोष्टी इस्लामला परक्या नाहीत, हे समजावून सांगितलं. मात्र लेबल लावून घेतलं नाही. आपण कम्युनिस्ट नाही, समाजवादीही नाही, इंग्रजांना आशियातून घालवणं हा आपला कार्यक्रम आहे, असं त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला साफ सांगितलं.

१९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली. हिंदुस्थानात अनेक घरांत मातम होता. बरकतुल्लांनी या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. खलिफाने उम्मतला दीनची वाट दाखवावी, राजसत्ता चालवू नये, असा त्यांचा विचार होता. दरबार, अमीर, शरीफ सगळं जवळून पाहिलेल्या माणसाचा हा विचार होता, हे लक्षात घ्यायला हवं.

ब्रसेल्स आणि शेवटचा प्रवास

फेब्रुवारी १९२७. बेल्जियमच्या ब्रसेल्स शहरात गुलाम देशांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. काँग्रेसकडून जवाहरलाल नेहरू, अल्जीरियाचे मेसाली हाज, इंडोनेशियाचे मोहम्मद हट्टा, आफ्रिकेचे लामिन सेंघोर. आणि गदर पार्टीकडून सत्तरीच्या आसपासचे मौलाना बरकतुल्ला. समोर बसलेले बहुतेक जण त्यांच्या मुलांच्या, नातवंडांच्या वयाचे.

इथे कुणी सम्राट नव्हता, कुणी अमीर नव्हता. होते ते सगळे स्वतः मार खाल्लेले, कुणी तुरुंग पाहिलेले, कुणी हद्दपार झालेले. चाळीस वर्षं दरबारांचे उंबरे झिजवून जी साथ मिळाली नाही, ती त्या सभागृहात बसलेली होती. पुढे याच परिषदेतले हट्टा स्वतंत्र इंडोनेशियाचे उपराष्ट्रपती झाले, नेहरू हिंदुस्थानचे पंतप्रधान.

ते पाहायला बरकतुल्ला उरले नाहीत. त्याच वर्षी ते महेंद्र प्रतापांसोबत पुन्हा अमेरिकेला गेले, गदरच्या जुन्या साथीदारांना भेटायला. सप्टेंबर १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचा इंतकाल झाला. काबूलच्या सरकारचा अध्यक्ष, एक हिंदू राजा, आपल्या पंतप्रधानाच्या अखेरच्या प्रवासात सोबत होता. दफन सॅक्रामेंटोला झालं.

भोपाळ विद्यापीठाला १९८८ मध्ये बरकतुल्लांचं नाव दिलं गेलं. हजारो मुलांच्या पदवीवर ते छापलेलं असतं. हा माणूस कोण, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल?

आज आपल्या मुलांना कधी शाळेत, कधी गल्लीत, कधी मोबाइलवर विचारलं जातं की तुम्ही नक्की कुणाचे? त्या सवालाने मूल गप्प होतं आणि घरी येऊन आपल्याला विचारतं. तेव्हा चिडून उत्तर देण्याची गरज नाही. जवळ बसवून ही गोष्ट सांगावी. भोपाळचा एक मौलवी होता, वतनासाठी टोकियो, बर्लिन, काबूल, मॉस्को फिरला, आणि वतनाची माती त्याच्या नशिबी आली नाही. सोबत हेही सांगावं की गाझात किंवा जगात कुठेही जुलूम होतो, तेव्हा मदतीसाठी बादशहांच्या दाराकडे बघत बसू नये. बरकतुल्लांनी ती सगळी दारं आपल्या आधीच ठोठावून पाहिली आहेत.

अल्लाह त्यांची मगफिरत करो.