जिवाणू आणि विषाणू यांत फरक काय? लुई पाश्चर यांच्या आयुष्यातून समजून घ्या

घसा धरला, अंग तापले की दवाखान्यात ठरलेली विचारणा होते: डॉक्टर, अँटिबायोटिक देणार ना? साधी सर्दी आहे, गरज नाही, असे सांगितले की रुग्णाचा चेहरा पडतो. या नकारामागचे कारण लुई पाश्चर यांच्या आयुष्यातून चांगले कळते. एका रोगाने त्यांच्या दोन मुली हिरावल्या आणि दुसऱ्या एका रोगापासून त्यांनी परक्यांची मुले वाचवली. पहिला रोग जिवाणूचा होता, दुसरा विषाणूचा.

नासलेले पिंप आणि जिवाणू

पाश्चर यांचा जन्म फ्रान्समध्ये 1822 साली झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. पाश्चर डॉक्टर नव्हते, ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. लील शहरात शिकवत असताना बिटापासून मद्य बनवणाऱ्या एका कारखानदाराची पिंपे नासू लागली. पाश्चर यांनी त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. चांगल्या पिंपात गोलसर यीस्ट होते, तर नासलेल्या पिंपात काडीसारखे बारीक जीव वळवळत होते. हे जिवाणू होते.

जिवाणू हा एका पेशीचा, पण पूर्ण जीव आहे. तो स्वतः अन्न घेतो, वाढतो आणि एकाचे दोन होत संख्या वाढवतो. त्याची लांबी साधारण एका मिलिमीटरचा हजारावा भाग असते. सगळे जिवाणू वाईट नसतात. दुधाचे दही तेच लावतात आणि तुमच्या आतड्यांतही ते असंख्य असतात.

घरातले दुःख

1859 मध्ये पाश्चर यांची नऊ वर्षांची थोरली मुलगी टायफॉइडने गेली. 1866 मध्ये बारा वर्षांची दुसरी मुलगीही त्याच आजाराने गेली. टायफॉइड दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणाऱ्या जिवाणूमुळे होतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. त्यावर पहिले प्रभावी अँटिबायोटिक यायला 1948 साल उजाडले. आज तो वेळीच ओळखला आणि औषधांचा कोर्स पूर्ण केला, तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

1868 मध्ये पाश्चर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू कायमची अधू झाली. तरीही सहकाऱ्यांच्या मदतीने त्यांनी काम चालू ठेवले.

जो दिसलाच नाही

पाश्चर लहान असताना त्यांच्या गावाजवळ एका पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावले होते. तेव्हा उपाय म्हणून तापलेल्या लोखंडाने जखमा डागत. पुढे त्यांनी याच रोगाचा, रेबीजचा, अभ्यास हाती घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली कितीही शोधले तरी रोगजंतू दिसेना, कारण तो विषाणू होता.

बहुतेक विषाणू जिवाणूंपेक्षा कितीतरी पटींनी लहान असतात. विषाणूला स्वतःची पेशी नसते. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती बनवून घेतो. अनेक अँटिबायोटिक जिवाणूची भिंत फोडतात किंवा त्याची प्रथिने बनवण्याची यंत्रणा बंद पाडतात. विषाणूकडे यातले काहीच नसते, म्हणून ते औषध त्याच्यावर चालत नाही.

रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून मज्जातंतूंमधून मेंदूकडे सरकतो. त्याला सहसा काही आठवडे किंवा महिने लागतात. या वेळात शरीराची प्रतिकारशक्ती जागी करता येईल, असे पाश्चर यांना वाटले. त्यांनी रेबीज झालेल्या सशाचा मज्जारज्जू सुकवून त्यापासून लस बनवली.

6 जुलै 1885 रोजी जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई घेऊन आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावले होते. पाश्चर यांना इंजेक्शन देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून डॉक्टरांच्या हातून तेरा इंजेक्शने दिली गेली. जोसेफला रेबीज झाला नाही.

पाश्चर 1895 मध्ये वारले. विषाणू प्रत्यक्ष दिसायला त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षे गेली, कारण त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

• सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात, घसादुखीही बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच होते. विश्रांती, पाणी आणि तापाचे औषध बहुधा पुरते. फ्लूसारख्या काही आजारांवर विषाणूविरोधी औषधे आहेत, ती कोणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतात.

• ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, दम लागला किंवा बरे वाटून पुन्हा ताप चढला, तर परत या. विषाणूच्या आजारावर कधी जिवाणूंचा संसर्गही होतो.

• मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मनाने घेऊ नका.

• कुत्रा चावला तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा. हळद, तिखट, चुना लावू नका. त्याच दिवशी लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा. रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून वाट पाहू नका.

पाश्चर यांच्या मुलींसाठी औषध नव्हते. तुमच्या मुलांसाठी औषध आहे आणि लसही आहे. कोणत्या वेळी काय लागेल, हे मात्र रोगजंतू कोणता आहे त्यावर ठरते.