सप्तपर्णीच्या सावलीतली शाळा

पर्यावरणपूरक शाळांची निवड करून त्यांना मानांकन देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. आवारातील झाडे, पाण्याची बचत, कचऱ्याची विल्हेवाट असे निकष त्यासाठी लावले जातात. हे निकष कागदावर येण्यापूर्वी कित्येक दशके रवींद्रनाथ टागोरांनी बंगालच्या वीरभूम जिल्ह्यातील उजाड माळावर अशी एक शाळा उभी केली होती. मात्र तिला मान्यता मिळण्याआधी बरेच काही सोसावे लागले.

रवींद्रनाथांचा जन्म १८६१ चा, कोलकात्याच्या जोडासांको येथील संपन्न घराण्यातला. चार भिंतींतील शिक्षण त्यांना कधीच मानवले नाही. एकामागून एक शाळा सुटल्या. मुंजीनंतर, १८७३ मध्ये, वडील देवेंद्रनाथ यांनी त्यांना बोलपूरजवळच्या शांतिनिकेतनात व तेथून हिमालयात नेले. घराच्या खिडकीतून जग पाहणाऱ्या मुलाला मोकळे आकाश प्रथमच लाभले. देवेंद्रनाथांनी १८६३ मध्ये घेतलेली ही जागा म्हणजे लाल मातीचा, पावसाने चिरत गेलेला माळ होता. सावलीपुरती सप्तपर्णीची दोन झाडे काय ती होती.

याच ठिकाणी २२ डिसेंबर १९०१ रोजी रवींद्रनाथांनी ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. विद्यार्थी अवघे पाच. त्यांत थोरला मुलगा रथींद्रनाथ हाही होता. वर्ग झाडांखाली भरत आणि ऋतुपालट हाही अभ्यासाचाच भाग असे. पैसा मात्र नव्हता. शाळेसाठी पुरी येथील घर विकावे लागले. पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने काढून दिले. त्यांचे १९०२ मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी मुलगी रेणुका गेली. धाकटा शमींद्रनाथ याने १९०७ च्या आरंभी आश्रमातील मुलांना जमवून ऋतूंचा उत्सव केला होता. त्याच वर्षी, आईच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, पटकीने त्याचाही बळी घेतला. शाळा मात्र बंद पडली नाही. ऋतूंचे उत्सव तर आश्रमाची ओळखच बनले.

सरकारची नजरही वक्र होती. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी ही शाळा योग्य नाही, असे परिपत्रक पूर्व बंगाल व आसाम सरकारने १९११ च्या सुमारास काढले आणि काही पालकांनी मुले काढून घेतली. नोबेल पारितोषिक मिळाले ते त्यानंतर, १९१३ मध्ये.

स्वावलंबनाचा धडा १९१५ मध्ये गांधीजींनी दिला. त्या वेळी साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर आश्रमातच होते. १० मार्चपासून स्वयंपाक व सफाई विद्यार्थी आणि शिक्षकांनी स्वतः करावी, असा प्रयोग झाला. रवींद्रनाथांनी त्यास संमती दिली. नित्याचा प्रघात म्हणून तो टिकला नाही. तरी १० मार्च हा दिवस नोकरांना सुटी देऊन पाळण्याची प्रथा पडली.

केवळ झाडाखाली बसल्याने निसर्गाशी नाते जुळत नाही, भोवतालच्या खेड्यांची जमीन व माणसेही सावरली पाहिजेत, याची रवींद्रनाथांना जाणीव होती. म्हणूनच त्यांनी मुलाला १९०६ मध्ये कायदा वा प्रशासन शिकण्यासाठी न पाठवता शेतीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील इलिनॉय येथे पाठवले होते. विश्वभारतीच्या स्थापनेपाठोपाठ, १९२२ मध्ये, लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज कृषितज्ज्ञाच्या साह्याने जवळच्या सुरुल येथे ग्रामपुनर्रचनेचे केंद्र निघाले. तेच पुढे श्रीनिकेतन झाले. शेती, आरोग्य व हस्तोद्योग ही त्याची कार्यक्षेत्रे होती.

१४ जुलै १९२८ रोजी शांतिनिकेतनात वृक्षारोपणाचा समारंभ झाला. सजवलेले रोप मिरवणुकीने आणले गेले आणि विद्यार्थ्यांनी पंचमहाभूतांची रूपे घेतली. उजाड माळ हिरवा करण्याची निकड अशी उत्सवात मिसळली. देशाचा वनमहोत्सव सुरू झाला तो त्यानंतर बावीस वर्षांनी, १९५० मध्ये.

७ ऑगस्ट १९४१ रोजी रवींद्रनाथांचे कोलकात्यात निधन झाले. बंगाली पंचांगातील ती २२ श्रावण. पुढे शांतिनिकेतनात त्याच तिथीस वृक्षारोपण होऊ लागले आणि शोकाच्या दिवशी रोप लावण्याची रीत रुजली.

विश्वभारतीला १९५१ मध्ये केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ज्या शाळेपासून मुलांना दूर ठेवण्याचे परिपत्रक निघाले होते, तिला जगाची मान्यता मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला. तिची स्वतःची मान्यता देण्याची रीत मात्र साधी राहिली. दीक्षान्त समारंभात पदवीधराच्या हाती मानाचे चिन्ह म्हणून दिली जाऊ लागली ती सप्तपर्णीची पाने.