स्वतःच्याच हृदयात नळी घालणारा डॉक्टर

कळंब, उमरगा किंवा परंड्याच्या घरातल्या एखाद्याला हृदयाच्या ऑपरेशनआधी सोलापूरला किंवा लातूरला नेऊन ‘अँजिओ’ करायचे ठरले, की घरात एक शंका हमखास निघते. हातातून घातलेली नळी थेट हृदयापर्यंत नेतात, मग ती लागून हृदयच बंद पडले तर? यात हसण्यासारखे काही नाही. १९२९ सालापर्यंत बहुतेक डॉक्टरांचीही हीच समजूत होती. ती खोटी ठरवली वेर्नर फोर्समन यांनी, आणि तीही स्वतःच्या जिवावर.

फोर्समन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिनचा. वडील वकील होते, ते पहिल्या महायुद्धात मारले गेले. आई आणि आजीने मुलाला वाढवले. डॉक्टर होऊन ते बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातल्या लहानशा रुग्णालयात शिकाऊ सर्जन म्हणून लागले. त्या काळी हृदय थांबू लागले, की छातीतून सुई खुपसून थेट हृदयात औषध देत. त्यात हृदयाला इजा होण्याचा धोका मोठा. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच संशोधकांनी घोड्याच्या मानेच्या शिरेतून हृदयात नळी नेली होती. घोड्याला चालते, तर माणसाला का नाही, असा फोर्समन यांचा साधा प्रश्न होता.

वरिष्ठांनी परवानगी नाकारली. मग फोर्समन यांनी उपकरणांच्या कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या परिचारिका गेर्डा डिट्झन यांना विश्वासात घेतले. प्रयोग आपल्यावर करा, या अटीवर त्या तयार झाल्या. फोर्समन यांनी त्यांना टेबलावर बांधले, हाताला आयोडीन लावले. पण भूल दिली आणि शीर उघडली ती स्वतःच्या डाव्या हाताची! डिट्झन यांच्या लक्षात येईपर्यंत नळी आत सरकली होती. ही फसवणूकच होती, आणि आजची कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग होऊ देणार नाही.

नळी मूत्रविकारांसाठी वापरायची. ती हातात तशीच ठेवून ते जिने उतरून तळघरातल्या क्ष-किरण खोलीत चालत गेले. धावत आलेल्या एका सहकाऱ्याने ती ओढून काढायचा प्रयत्न केला, त्यालाही त्यांनी दूर लोटले. समोर धरलेल्या आरशात पाहत त्यांनी नळी सुमारे ६५ सेंटिमीटर आत नेली आणि फोटो काढवला. नळीचे टोक हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात दिसत होते. त्यांना वेदना झाली नाही; आत सरकताना थोडी ऊब आणि खोकल्याची उबळ, एवढेच जाणवले.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लेख छापून आला. गाजावाजा झाला, पण कौतुकापेक्षा टीकाच अधिक. बर्लिनच्या नामांकित शारिटे रुग्णालयातली जागा गेली आणि फोर्समन मूत्ररोगांकडे वळले. पुढचा भाग त्यांच्या चाहत्यांना अडचणीचा वाटतो, पण टाळता येत नाही. १९३२ मध्ये ते नाझी पक्षात गेले. युद्धात ते लष्करी डॉक्टर होते. नंतर अमेरिकनांच्या कैदेत राहिले आणि सुटल्यावर काही काळ डॉक्टरकी करण्यास बंदी होती. पोटासाठी लाकडे तोडली. १९३३ मध्ये त्यांनी लग्न केले होते. पत्नीही डॉक्टर होत्या. या दांपत्याने पुढे खेड्यात दवाखाना चालवला.

इकडे न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी तीच वाट पुढे नेली. नळीतून हृदयाच्या कप्प्यांतला दाब आणि रक्तातला प्राणवायू मोजता येऊ लागला. जन्मजात छिद्र किती मोठे, झडप किती अरुंद, हे छाती उघडण्याआधीच सर्जनला कळू लागले. आज यातले बरेचसे सोनोग्राफीसारख्या ‘इको’ तपासणीत दिसते. तरी हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे नेमके पाहायला बहुधा नळीच लागते. फरक एवढाच, की फोर्समन शिरेतून गेले, तर अँजिओग्राफीची नळी मनगटाच्या किंवा जांघेच्या धमनीतून जाते. रुग्ण जागा असतो. टोचलेली जागा बधिर केलेली असते. रंगद्रव्य सोडताना अंगात क्षणभर ऊब जाणवते. धोका शून्य नसतो, म्हणून किडनीचा त्रास, ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या, हे सारे डॉक्टरांना आधीच सांगावे.

१९५६ मध्ये कुर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासोबत फोर्समन यांना नोबेल मिळाले. तोवर ते बाड क्रोइत्सनाख या लहान गावात मूत्ररोगतज्ज्ञ होते; हृदयरोगशास्त्र त्यांना सोडून फार पुढे गेले होते. १९७७ मध्ये झुरिकला अशाच नळीच्या टोकावरच्या फुग्याने हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी पहिल्यांदा उघडली गेली. त्यानंतर दोन वर्षांनी, १ जून १९७९ रोजी, ७४ वर्षांचे फोर्समन हृदयविकारानेच गेले.