मोत्यांचं झाड आणि ऐंशी दिवसांचं राज्य

इजिप्तची राणी म्हटलं की तुम्हाला क्लिओपात्रा आठवते. बहुतेकांची यादी तिथेच संपते. पण क्लिओपात्रानंतर जवळपास तेराशे वर्षांनी कैरोच्या गादीवर आणखी एक बाई बसली होती. तिचं नाव शजर अद-दुर्र, अरबीत अर्थ ‘मोत्यांचं झाड’. शाळेत रझिया सुलतान शिकलात ना? तिच्यानंतर अवघ्या दहा वर्षांनी ही.

शजर राजकन्या वगैरे नव्हती. सलादिनच्या अय्युबी घराण्यातल्या अस-सालिह अय्युबच्या जनानखान्यात ती गुलाम म्हणून आली. १२३९ मध्ये घरातल्याच भांडणात त्याला करकच्या किल्ल्यात कैद झाली, तेव्हा ती सोबत राहिली. पुढच्याच वर्षी तो इजिप्तचा सुलतान झाला. तिला खलील नावाचा मुलगा झाला, पण तो लहानपणीच गेला. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता १२४९ मध्ये या. फ्रान्सचा राजा नववा लुई क्रुसेडची फौज घेऊन नाईलच्या मुखाशी उतरला आणि त्याने दमिएत्ता शहर घेतलं. सुलतान आजारी. नोव्हेंबरमध्ये मन्सुऱ्याच्या छावणीत त्याचा जीव गेला. शत्रू समोर आणि वारस तुरानशाह दूर, आजच्या तुर्कस्तानातल्या हसनकेफला. बातमी फुटली असती तर फौज पांगलीच असती.

शजरने बातमी फुटू दिली नाही. सेनापती फख्रुद्दीन आणि महालाचा एक विश्वासू अधिकारी, एवढ्यांनाच तिने सांगितलं. मृतदेह गुपचूप नावेतून कैरोकडे रवाना झाला. सुलतान आजारी आहेत, असं बाहेर सांगितलं गेलं. तंबूत जेवणाची ताटं जात राहिली, सुलतानाच्या सहीने हुकूम निघत राहिले. नवरा गेल्याचं दुःखसुद्धा तिला उघडपणे करता आलं नसणार.

फेब्रुवारी १२५० मध्ये लुईचा भाऊ रॉबर्ट मन्सुऱ्याच्या गल्लीबोळात शिरला आणि तिथेच मारला गेला. एप्रिलमध्ये खुद्द लुई कैद झाला. ही लढाई खऱ्या अर्थाने जिंकली ती ममलूकांनी. ममलूक म्हणजे लहानपणी विकत घेऊन लढवय्ये म्हणून घडवलेले गुलाम. दिल्लीचं ‘गुलाम घराणं’ आठवलं ना? तीच पद्धत.

तुरानशाह आला आणि त्याने याच लोकांना बाजूला सारून आपली माणसं पुढे आणली. वर शजरकडे बापाच्या संपत्तीचा हिशोब मागायला लागला. मे महिन्यात ममलूकांनी त्याला ठार केलं आणि गादीवर शजरला बसवलं. दमिएत्ता परत मिळालं आणि खंडणी घेऊन लुईला सोडण्यात आलं.

तिच्या नावाने शुक्रवारचा खुत्बा वाचला गेला, नाणी पाडली गेली. पण नाण्यावर काय आहे माहितीये? तिची ओळख आहे खलीलची आई म्हणून. देश वाचवणाऱ्या बाईला गादीवर हक्क सांगायला मेलेल्या मुलाचं नाव पुढे करावं लागलं. तेही पुरलं नाही. बगदादच्या खलिफाला बाईचं राज्य मान्य नव्हतं. सीरियातले सरदारही फिरले. साधारण ऐंशी दिवसांनी तिने गादी सोडली आणि ऐबक या ममलूक सरदाराशी लग्न केलं. सुलतान तो, कारभारावर पकड हिची. त्याने पहिल्या बायकोला सोडावं, हेही तिने करायला लावलं असं सांगतात.

सात वर्षांनी ऐबकने मोसुलच्या राजकन्येशी लग्न ठरवलं. शजरने १२५७ मध्ये त्याला हमामखान्यात मारवलं. इथे तिची बाजू घेणं अवघड आहे, आणि घ्यायचं कारणही नाही. खून लपला नाही. ऐबकचा पोरसवदा मुलगा गादीवर आला, आणि त्याच्या आईच्या, म्हणजे त्याच पहिल्या बायकोच्या, दासींनी शजरला लाकडी खडावांनी मारून टाकलं अशी कथा आहे. प्रेत किल्ल्याबाहेर फेकलं गेलं. काही दिवसांनी ते तिने स्वतःच बांधून घेतलेल्या कबरीत पुरलं.

तिच्या नकाराने बगदादचा जो खलिफा समाधानी झाला, त्याची खिलाफत पुढच्याच वर्षी मंगोलांनी बुडवली. ममलूकांनी मात्र १५१७ पर्यंत इजिप्तवर राज्य केलं. अय्युबी घराणं आणि ममलूक राजवट यांच्या सांध्यावर ही बाई उभी आहे.

तिची कबर कैरोत आजही आहे. कधी गेलात तर आतला मिहराब नक्की बघा. तिथे रंगीत तुकड्यांनी एक झाड काढलंय आणि त्याला शिंपल्याचे मोती लगडलेत. नाण्यावर तिला आई म्हणून यावं लागलं होतं. इथे ती तिच्या स्वतःच्या नावाने आहे.