बोयाची शेगडी करणारा जॉर्ज स्टीफन



उन्हाळी सहलीच्या तयारीची बैठक आमच्या घरी झाली, तेव्हा चहाबरोबर एक नवीनच विषय निघाला. आपल्या एका उत्साही सभासदाला कुणाच्या तरी शेतावर प्रोपेनची जुनी, मोठी टाकी फुकट मिळाली आहे. ती आडवी ठेवून कापायची, आत जाळी बसवायची, एका बाजूला जळणाची पेटी जोडायची, दुसऱ्या बाजूला धुराडं लावायचं, की झाली मंडळाची स्वतःची शेगडी! कणसंही भाजता येतील आणि मांसाहारी मंडळींना धुरी दिलेली कोंबडीही करता येईल. कल्पना सगळ्यांना आवडली. मी तेवढा गप्प होतो, कारण माझी नोकरीची 30 वर्षं लोखंड कापणाऱ्या आणि जोडणाऱ्या लोकांमध्ये गेली. त्या टाकीविषयी पुढे लिहितोच. पण त्या रात्री मला आठवण झाली ती आपल्या याच शिकागो परिसरातल्या एका माणसाची. त्यानेही एक गोल लोखंडी वस्तू मधोमध कापून शेगडी केली होती. त्याचं नाव जॉर्ज स्टीफन.

आपल्यापैकी निम्म्या घरांच्या अंगणात त्याची शेगडी उभी आहे. तीन पायांची, काळी, गोल, डोक्यावर घुमटासारखं झाकण असलेली. तिच्यावर नाव असतं वेबरचं, त्यामुळे ती कुणा वेबरसाहेबांनी शोधली असावी असं वाटतं. तसं नाही. वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स हा शिकागोतला पत्र्याचं काम करणारा कारखाना होता. गिऱ्हाईक सांगेल ती वस्तू तिथे करून मिळे. जॉर्ज स्टीफन तिथे कामाला होता. मिशिगन सरोवरात बोटींना खुणेसाठी जे तरंगते बोये लागतात, तेही हा कारखाना करत असे. पत्र्याचे दोन अर्धगोल करायचे आणि ते कडेने वेल्डिंग करून जोडायचे, की आत हवा बंद झालेला बोया तयार. असे अर्धगोल जॉर्जच्या नजरेसमोर रोज असत.

राहायला तो माउंट प्रॉस्पेक्ट या उपनगरात होता. दुसरं महायुद्ध संपलं होतं, शिकागोभोवती नवी उपनगरं वसत होती, आणि प्रत्येक घरामागे हिरवळीचा एक तुकडा होता. रविवारी त्या तुकड्यावर मांस भाजायचं हा त्या काळातल्या कुटुंबांचा नवा छंद. जॉर्जचं कुटुंब तर भलतंच मोठं, पुढे त्याला एकूण 12 मुलं झाली! एवढ्या खाणाऱ्यांसाठी अंगणात उघड्यावर रांधणं म्हणजे हौस कमी आणि काम जास्त. त्याने घरामागे विटांची शेगडी बांधली होती. पण शिकागोचा वारा आपण सगळे ओळखतो. वारा फिरला की धूर डोळ्यांत, पावसाची सर आली की निखारे विझणार, आणि मांसातली चरबी निखाऱ्यांवर ठिबकली की ज्वाळा वर उसळून वरून कोळसा, आतून कच्चं. तेव्हा बाजारात मिळणाऱ्या शेगड्या म्हणजे पायांवर ठेवलेली उथळ परात. त्यांचीही तीच गत.

सन 1952 मध्ये जॉर्जने बोयाचा खालचा अर्धगोल घेतला, त्याला तीन पाय जोडले आणि आत जाळी बसवली. वरच्या अर्धगोलाला मूठ लावून त्याचं झाकण केलं. निखारे पेटवले, मांस ठेवलं, झाकण लावलं, आणि विस्तव गुदमरून विझला!

पुढची गोष्ट अशी सांगतात की शेजारचा एक माणूस हे सगळं पाहत होता. झाकणाला भोकं पाड, म्हणजे विस्तव जगेल, असं त्याने सुचवलं. जॉर्जने भोकं पाडली आणि शेगडी चालू लागली. त्या शेजाऱ्याचा पुढे काही फायदा झाला का, देव जाणे. पण मला जॉर्जचं कौतुक वाटतं ते इथे. रोज पत्र्याचं काम करणाऱ्या माणसाला शेजाऱ्याने शहाणपण शिकवायचं आणि त्याने ते मुकाट्याने ऐकायचं, हे किती जणांना जमतं? (आमच्या घरात तरी कुणाला जमत नाही!)

भोकांमुळे नेमकं काय घडलं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे. गरम हवा हलकी, ती वर चढते. झाकणाच्या भोकांतून ती बाहेर पडली की तिची जागा घ्यायला खालच्या भोकांतून गार हवा आत ओढली जाते. ही हवा किती आत घ्यायची, ते भोकांवरच्या सरकत्या झडपेने ठरवता येतं, म्हणजेच आच कमीजास्त करता येते. आपल्या आज्या चुलीतलं लाकूड पुढेमागे सारून आच सांभाळायच्या, जॉर्जच्या शेगडीत तेच काम झडप करते. झाकणामुळे हवा मोजकीच मिळते, म्हणून चरबी पडली तरी ज्वाळा भडकत नाहीत. आणि गोल झाकणाखाली गरम हवा फिरत राहते, त्यामुळे अन्न फक्त खालून न भाजता चहूबाजूंनी शिजतं. निखारे एका बाजूला ओढले आणि अन्न दुसऱ्या बाजूला ठेवलं की तीच शेगडी भट्टी होते. त्यात ओलसर लाकडाचे दोन तुकडे टाकले की धुरीही मिळते. रायगडातल्या मंडळींनी शेतात पोपटी लावलेली पाहिली असेल. तोंड बंद केलेलं मडकं, भोवती आग, आत वालाच्या शेंगा नि अंडी. कोंडलेल्या उष्णतेची ती करामत ज्याने चाखली आहे, त्याला झाकणाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मागणी केली, म्हणून जॉर्जने आणखी काही शेगड्या केल्या. मग त्या विकायच्या ठरल्या. इथे खरी कसोटी होती. कारखान्याचं पोट ठरलेल्या कामांवर चाललेलं, आणि हा माणूस अशी वस्तू विकायला निघाला होता की जी कुणी मागितलेलीच नव्हती. किंमतही जवळजवळ 50 डॉलर. त्या काळात साध्या परातीसारख्या शेगड्या याच्या कितीतरी कमी पैशांत मिळायच्या. शिवाय दिसायला विचित्र! सन 1957 मध्ये रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडला, त्यानंतर लोक या गोल, तीन पायांच्या प्रकाराला स्पुटनिकच म्हणू लागले.

जॉर्जने त्यावर केलेला उपाय साधा होता, पण कष्टाचा. तो स्वतः शेगडी घेऊन दुकानांपुढे जायचा, लोकांदेखत निखारे पेटवायचा आणि शिजवून खायला द्यायचा. झाकणाखालून निघालेला मांसाचा अख्खा तुकडा एकदा चाखला की किमतीचं बोलणं बंद व्हायचं. घरी एवढी मुलं असताना असं गावोगाव फिरणं सोपं नव्हतं. त्याच्या यशाच्या कथा सांगताना हा भाग लोक चटकन ओलांडून जातात. माझ्या मते त्याच्या बायकोने त्या दिवसांत घर कसं चालवलं असेल, त्यावर वेगळा लेख व्हायला हवा.

1950 चं दशक संपता संपता त्याने वेबर कारखानाच विकत घेतला. वेबर-स्टीफन असं नवं नाव झालं आणि बाकीची कामं मागे पडून शेगड्या हाच धंदा झाला. पत्र्यावर पोर्सिलेनचा मुलामा चढवल्याने शेगडी पावसात गंजेनाशी झाली. कंपनीचं मुख्य ठाणं पुढे पॅलाटाइनला आलं, आपल्यापैकी कित्येक जण तिथूनच रोज कामावर जातात.

निखाऱ्यांचीही एक वेगळी कथा आहे, ती थोडक्यात सांगतो. आपण ज्या उशीच्या आकाराच्या कोळशाच्या वड्या आणतो, त्या घराघरांत पोचवल्या हेन्री फोर्डने. मोटारींसाठी लागणारं लाकूड कापताना मिशिगनच्या उत्तर भागात भुसा आणि तुकडे मोप उरायचे. ते फुकट जाऊ नयेत म्हणून 1920 च्या दशकात त्याने वड्यांचा कारखाना काढला. मोटारी विकणाऱ्यांकडेच या वड्याही मिळायच्या. लाकडाचा व्यवहार पाहणारा किंग्जफर्ड हा फोर्डच्या चुलत बहिणीचा नवरा. पुढे 1951 मध्ये वड्यांना त्याचं नाव मिळालं. म्हणजे जॉर्जने बोया कापला तेव्हा जळण दुकानात तयारच होतं.

सन 1981 मध्ये कंपनीने खास धुरीसाठी उभट स्मोकर काढला. 1985 मध्ये जेनेसिस नावाची गॅसची शेगडी आली, आणि निखाऱ्यांच्या जोरावर मोठी झालेली कंपनी गॅसवरही तितकीच चालली. शेगडीच्या नावाचं पहिलं रेस्टॉरंट 1989 मध्ये व्हीलिंगला उघडलं. जॉर्ज स्टीफन 1993 मध्ये वारला, तेव्हा तो 71 वर्षांचा होता. मुलांनी धंदा सांभाळला. 2010 मध्ये कुटुंबाने कंपनीतला मोठा हिस्सा विकला. शेगडीचा आकार मात्र अजून त्या बोयाचाच आहे.

असो. आता आपल्या टाकीकडे वळू या. जॉर्जच्या बोयात फक्त हवा होती. आपल्या टाकीत गॅस होता, आणि हा फरक फार मोठा आहे. टाकीतून गॅस येणं थांबलं म्हणजे ती रिकामी झाली असं आपण समजतो. प्रत्यक्षात दाब संपलेला असतो, गॅस आत तसाच भरलेला असतो. तोंड उघडून ठेवलं तरी तो सहज निघून जात नाही, कारण प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, तो तळाशी बसून राहतो. त्यात हवा शिरली की गोष्ट आणखी बिघडते. हवेत साधारण 2 ते 10 टक्के प्रोपेन असला की ठिणगीसरशी स्फोट होतो. टाकी कापणारं यंत्र तर ठिणग्यांचा पाऊसच पाडतं.

म्हणून जाणकार लोक आधी पितळी झडप काढतात, तीही ठिणगी उडणार नाही अशा बेताने, उघड्या जागी. मग टाकी गळ्यापर्यंत पाण्याने भरतात, म्हणजे गॅसला आत जागाच उरत नाही. साबणाच्या पाण्याने धुतात, पुन्हा भरतात. वासासाठी मिसळलेलं द्रव्य आणि तेलकट थर आतल्या बाजूला चिकटलेला असतो, त्यामुळे एकदा धुऊन भागत नाही. पहिला काप घेतानाही टाकीत पाणी ठेवतात. दार कापताना चारही बाजू एकदम कापत नाहीत. बिजागरीची बाजू थोडी कापून बिजागऱ्या आधी जोडतात आणि मगच उरलेलं कापतात, नाहीतर पत्रा ताण सुटल्याबरोबर वाकतो आणि दार कधीच नीट बसत नाही. जळणाची पेटी मुख्य टाकीच्या साधारण एक तृतीयांश मापाची ठेवतात आणि थोडी खाली जोडतात. धुराडं समोरच्या टोकाला, म्हणजे धूर अन्नावरून जाऊनच बाहेर पडेल. भाजायचं असेल तेव्हा निखारे थेट जाळीखाली, धुरी द्यायची असेल तेव्हा आग पेटीत आणि आतली धग 225 ते 275 फॅरनहाइट. सगळं झाल्यावर आत दोन-तीन वेळा मोठा जाळ करून रंग आणि वास जाळून टाकायचा, तोवर त्यात अन्न ठेवायचं नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा जाळी तर अजिबात वापरायची नाही, तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो.

टेक्सासमध्ये 500 आणि 1000 गॅलनच्या जुन्या टाक्यांचे असे स्मोकर मोठमोठ्या खानावळींत रोज धडधडत असतात, तेव्हा हे काम अशक्य नाही. पण ते गॅरेजात शनिवारी दुपारी, बघायला पोरं गोळा झालेली असताना करायचं काम नव्हे. आपल्या सभासदाला मी फोन करून हे सगळं सांगितलं. सुरुवातीला ते थोडे नाराज झाले, मग म्हणाले की वेल्डिंगचा परवाना असलेल्या दुकानात टाकी नेऊन विचारतो. दुकानदाराने सगळं काम करून द्यायला महिना मागितला आहे, आणि खर्चाचा आकडा ऐकून आपले खजिनदार अजून बोललेले नाहीत.

त्यामुळे यंदाच्या सहलीला टाकी नसेल. माझी 22 इंची गोल शेगडी मी आणतो, आणखी तिघांनी आपापल्या आणायचं कबूल केलं आहे. एक शेगडी फक्त शाकाहारी पदार्थांसाठी राहील, तिच्यावर आधी कणसं आणि रताळी, मग भरताची वांगी. पाऊस आला तरी शेगड्या छताखाली किंवा तंबूत कुणी ओढू नयेत, निखाऱ्यांचा वायू दिसत नाही पण जीव घेतो. झाकण आहे, पावसात भिजलं तरी चालेल. कोळशाच्या चार पिशव्या आणि लांब दांड्याचे चिमटे कोण आणणार, ते मात्र लवकर कळवा.