उज्जैनचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर

महाकालेश्वराच्या दर्शनाला उज्जैनला जाणाऱ्या गोमंतकीयांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की आजचे मंदिर ज्यांच्या पुढाकाराने उभे राहिले, ते रामचंद्रबाबा आपल्याच शेजारचे होते. रामचंद्र मल्हार सुखटणकर हे गोव्याच्या सीमेपलीकडील आरवलीचे कुलकर्णी. गावच्या दप्तरावर हात बसलेल्या या सारस्वत तरुणाची हुशारी थोरल्या बाजीरावांच्या नजरेत भरली आणि राणोजी शिंदे यांचे दिवाण म्हणून त्यांची नेमणूक झाली.

माळव्यात मराठ्यांचा अंमल तेव्हा नुकताच बसत होता. सरदार वर्षातले बहुतेक महिने मोहिमेवर. मागे वसुली, शिबंदीचा पगार, कमाविसदारांचे हिशेब आणि पुण्याशी पत्रव्यवहार हा सारा भार दिवाणावर. तलवारीने जिंकलेला मुलूख लेखणीने सांभाळायचा होता. राणोजींनी दिवाणावर विश्वास टाकला आणि त्या विश्वासातूनच उज्जैनच्या कारभाराला वळण लागले. इल्तुत्मिशच्या स्वारीत उद्ध्वस्त झालेले महाकालाचे मंदिर सुमारे 500 वर्षांनी पुन्हा उभे राहिले, ते याच काळात.

1745 मध्ये राणोजी निवर्तले. माणूस तोच, दप्तर तेच. पण जयाप्पा शिंद्यांशी रामचंद्रबाबांचे सूर जुळले नाहीत. मल्हारराव होळकरही त्यांच्या विरोधात होते. अखेर दिवाणगिरी गेली. धन्याचा पाठिंबा सरला, की कर्तबगार कारभाऱ्याचेही पाय कसे उखडतात, याचे हे उदाहरण. शिंदेशाहीने गमावलेला हा माणूस सदाशिवरावभाऊंनी मात्र जवळ केला. विशीतल्या भाऊंना राज्यकारभाराचे धडे देणाऱ्यांत रामचंद्रबाबांचे नाव अग्रभागी घेतले जाते. 1750 च्या सांगोल्याच्या करारावेळीही ते भाऊंच्या सोबत होते.

त्यांचा स्वभाव महत्त्वाकांक्षी होता. दरबारी राजकारणापासून ते अलिप्त नव्हते. तरीही एक गोष्ट त्यांच्या पश्चात टिकली. शिंद्यांच्या पदरी सारस्वत कारभाऱ्यांना आणि सेनानींना मानाचे स्थान राहिले. पेडणे महालातील केरीचे जिवबादादा बक्षी याच परंपरेतले. 1795 च्या खर्ड्याच्या लढाईत ते शिंद्यांच्या फौजेच्या अग्रभागी होते.

1810 मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला हलली. उज्जैनचे दप्तर मागे पडले, महाकालाचे शिखर राहिले. त्या शिखराला हात जोडताना आरवलीच्या या कुलकर्ण्याचेही स्मरण व्हावे.